आपत्प्रसंगी रुग्णालये व शुश्रूषागृहे : घाटकोपरच्या अनुभवाच्या आधारे

रुग्णालयाच्या संकटकालीन व्यवस्थेचा विचार करू लागले असता दोन अगदी भिन्न प्रश्न बहुधा एकत्र मिसळले जातात. पहिला प्रश्न असा, की गावात वा शहरात अपघात, स्फोट किंवा दरड कोसळण्यासारखा प्रसंग ओढवल्यास एकाएकी येणाऱ्या शेकडो जखमींची सोय रुग्णालयाने कशी करावयाची. दुसरा प्रश्न असा, की संकट खुद्द रुग्णालयावरच कोसळल्यास आत असलेल्या, स्वतःच्या पायांनी चालू न शकणाऱ्या माणसांना बाहेर कोणी आणि कोणत्या वाटेने काढावयाचे. पहिल्यात रुग्णालय हे आश्रयस्थान असते, दुसऱ्यात तेच आपद्ग्रस्त असते. मुंबईच्या गेल्या शतकाचा इतिहास पाहता पहिल्या प्रश्नाकडे शासनाचे व वैद्यांचे लक्ष बरेच आधी गेले आणि दुसऱ्याकडे फार उशिरा, तेही मृत्यूंची मालिका घडून गेल्यावर गेले, असे दिसून येते. वृद्ध व अपंग यांच्या निवासगृहांचा प्रश्न तर या दोहोंच्याही मागे राहिला. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील घाटकोपर या एकाच वस्तीत हे सर्व प्रकार थोड्या वर्षांच्या अंतराने घडून गेले असल्यामुळे या विषयाच्या अभ्यासास ते स्थळ विशेष सोयीचे आहे.

घाटकोपरची भूमिरचना प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. लोहमार्गाने या वस्तीचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केलेले आहेत. पूर्वेस बहुतांशी सपाट जमीन, पंतनगरसारख्या नियोजित वसाहती आणि पलीकडे पूर्व द्रुतगती मार्ग. पश्चिमेस जुना आग्रा रोड, म्हणजे आताचा लालबहादूर शास्त्री मार्ग, आणि त्याच्याही पश्चिमेस असल्फा, आझादनगर या बाजूंच्या टेकड्या व त्यांच्या उतारांवर एकावर एक रचल्यासारखी उभी राहिलेली दाट घरे. महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय, म्हणजे राजावाडी, हे मात्र पूर्वेस, विद्याविहारच्या बाजूला आहे. त्याची क्षमता पाचशेहून अधिक खाटांची असून कुर्ल्यापासून विक्रोळीपर्यंतच्या श्रमिक वस्तीचा फार मोठा भार ते वाहते. तेव्हा टेकडीवर काही घडले, तर जखमीस प्रथम अरुंद गल्लीतून खांद्यावर किंवा चादरीच्या झोळीतून खाली आणावयाचे, मग वाहन मिळवावयाचे, मग लोहमार्ग ओलांडावयाचा, असा तिहेरी प्रवास ठरलेला असतो. कागदावरील योजनेत रुग्णालयापासूनचे अंतर किलोमीटरमध्ये मांडलेले असते. प्रत्यक्षात ते अंतर पायऱ्यांनी आणि पुलांनी मोजावे लागते.

सन १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला तेव्हा घाटकोपर त्यात आले आणि १९५० मध्ये उपनगरांचा हा भाग मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट करण्यात आला. याचा अर्थ असा, की मुंबई शहराला रुग्णालयांच्या संकटकालीन व्यवस्थेचे जे पहिले धडे मिळाले, त्या वेळी घाटकोपर त्या शहराचा भागच नव्हते. हे धडे दोन होते. पहिला १८९६ च्या प्लेगचा. त्या साथीत शहरातील नित्याची रुग्णालये अपुरी पडल्याने तात्पुरती प्लेग-रुग्णालये उभारावी लागली, आणि साथीच्या काळी सरकारास असाधारण अधिकार देणारा १८९७ चा साथरोग अधिनियमही त्यातूनच जन्मास आला. संकटकाळी रुग्णालय वाढविता येते, मोकळ्या मैदानावर नवे उभारता येते, ही कल्पना येथे प्रथम रुजली. सव्वाशे वर्षांनी, कोविडच्या साथीत, मुलुंड येथे रिचर्डसन आणि क्रुडास कंपनीच्या जागेवर जे भव्य तात्पुरते उपचारकेंद्र उभे राहिले, ते या जुन्या कल्पनेचेच नवे रूप होय.

दुसरा धडा १४ एप्रिल १९४४ चा. त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरील दारूगोळ्याचे दोन प्रचंड स्फोट झाले. मृतांचा अधिकृत आकडा सातशेच्या पुढे होता, प्रत्यक्षात तो त्याहून पुष्कळ मोठा असावा असे मानले जाते. आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले, आणि तो दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. महायुद्ध चालू असल्यामुळे हवाई हल्ल्यापासून बचावाची यंत्रणा शहरात आधीच उभी होती. तिचा उपयोग शत्रूच्या बॉम्बसाठी न होता स्वतःच्याच दारूगोळ्यासाठी व्हावा, हा दैवदुर्विलास खरा. परंतु स्वयंसेवक, प्रथमोपचार, रुग्णवाहिका, रक्ताचा साठा आणि रुग्णालयांत खाटा रिकाम्या करण्याची पद्धत हे सर्व त्या यंत्रणेने मुंबईस शिकविले. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात गृहरक्षक दल स्थापन झाले, १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर नागरी संरक्षणाच्या संघटनेस चालना मिळाली आणि १९६८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र अधिनियम झाला. या सर्व परंपरेचा गाभा एकच होता : संकट बाहेर घडेल, जखमी आत येतील. रुग्णालय हे स्थिर व सुरक्षित स्थान आहे हे त्यात गृहीत धरलेले होते. युद्धकाळातही रुग्णालयाच्या छपरावर मोठा क्रॉस रंगवून त्याला वगळले जाईल अशी अपेक्षा ठेवली जाई. आगीला आणि पाण्याला तो क्रॉस दिसत नाही, हे उमगावयास मध्ये बराच काळ जावा लागला.

घाटकोपरला पहिल्या प्रश्नाची परीक्षा वारंवार द्यावी लागली. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मृत्यू पावली व अनेक जखमी झाली. जुलै २००० मध्ये अतिवृष्टीत आझादनगर भागातील टेकडीची दरड झोपड्यांवर कोसळून साठांहून अधिक लोक गाडले गेले. २ डिसेंबर २००२ रोजी घाटकोपर स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये स्फोट झाला, आणि २८ जुलै २००३ रोजी लालबहादूर शास्त्री मार्गावर पुन्हा एका बसमध्ये. या प्रसंगांतील जखमींचा ओघ मुख्यतः राजावाडीकडे व काही प्रमाणात जवळच्या खाजगी रुग्णालयांकडे वाहिला.

या घटनांची तुलना केली असता एक गोष्ट उघड होते. प्रत्येक प्रकारच्या आपत्तीचे रुग्णालयावरील ओझे वेगळे असते. स्फोटात पहिल्या अर्ध्या तासात सर्व जखमी येतात, आणि त्यांतही जे कमी जखमी असतात ते आधी पोहोचतात. ते चालू शकतात, रिक्षा थांबवू शकतात. अत्यवस्थ माणूस मागाहून येतो आणि तोपर्यंत अपघात विभागाच्या खाटा भरलेल्या असतात. म्हणूनच दारातच निकडीप्रमाणे वर्गवारी करून लाल, पिवळ्या, हिरव्या व काळ्या खुणेच्या चिठ्ठ्या बांधण्याची पद्धत आवश्यक ठरते. लाल म्हणजे तत्काळ उपचार, पिवळा म्हणजे थोडा विलंब चालेल, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे मृत किंवा उपचारांपलीकडे गेलेला. दरडीत याच्या अगदी उलट घडते. तेथे जखमी थोडे व मृत अधिक. ते तासन्तास, कधी दिवसेंदिवस, एकेक करून बाहेर निघतात. आणि रुग्णालयाच्या आवारात मुख्य काम शल्यक्रियेचे न राहता ओळख पटविण्याचे, शवचिकित्सेचे आणि नातेवाइकांना आवरण्याचे होऊन बसते. एकाच साच्याची योजना दोन्हीकडे लागू करणे व्यर्थ होय. शिवाय त्या वर्षांत जखमी पोहोचत असे तो पोलिसांच्या गाडीतून, टॅक्सीतून, भाजीच्या टेम्पोतून. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. तोपर्यंत जखमीने कोणत्या रुग्णालयात जावयाचे हे वाहनचालकच ठरवीत असे.

१३ मे २०२४ रोजी हीच परीक्षा पुन्हा झाली. अवकाळी वादळात छेडानगर येथे पूर्व द्रुतगती मार्गालगतचा एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. ४० फूट लांब व ४० फूट रुंद अशी मर्यादा असताना हा फलक १२० फूट लांब व १२० फूट रुंद होता. १७ माणसे मृत्यू पावली, सत्तरांहून अधिक जखमी झाली. पेट्रोलच्या टाक्या खाली असल्यामुळे लोखंड कापण्यास ज्योतीचा वापर करणे धोक्याचे होते. या कारणाने सुटकेचे काम साठ तासांहून अधिक लांबले. राजावाडीत जखमी आले ते पहिल्या काही तासांत. त्यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे होते. म्हणजे एकाच घटनेत स्फोटाचा वेग आणि दरडीची दिरंगाई दोन्ही एकत्र आली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे. त्यासाठी घाटकोपर सोडून थोडा वेळ बाहेर जाणे भाग आहे, कारण रुग्णालय स्वतः आपद्ग्रस्त होऊ शकते ही जाणीव पश्चिम भारताला प्रथम झाली ती कच्छमध्ये. महाराष्ट्रात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर राज्याने आपत्तीच्या योजना लेखी स्वरूपात तयार करण्याचे काम हाती घेतले होते, परंतु २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजचे जिल्हा रुग्णालयच रुग्णांसह कोसळले. ज्या इमारतीत जखमींना न्यावयाचे, तीच नाहीशी झाली होती. उघड्या मैदानात तंबूंखाली शल्यक्रिया कराव्या लागल्या. पुढे भूज येथे जे नवे रुग्णालय बांधले गेले त्याच्या पायाखाली शिसे व रबर यांच्या गाद्या बसविण्यात आल्या, जेणेकरून जमीन हलली तरी इमारत तितकी हलू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ चा आरोग्यदिन आपत्काळातील रुग्णालयांच्या सुरक्षिततेस वाहिला, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. याच प्राधिकरणाची सामूहिक जखमींच्या व्यवस्थेसंबंधीची तत्त्वे २००७ चीच आहेत. या नऊ वर्षांच्या अंतरातही आधी कोणता प्रश्न आणि मागाहून कोणता, हा क्रम दिसून येतो.

तथापि महाराष्ट्रात रुग्णालयाचा खरा शत्रू भूकंप नव्हे, आग आणि धूर हा होय. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या मरोळ भागातील कामगार विमा रुग्णालयास आग लागली. धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि किमान ८ जण मृत्यू पावले. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या कक्षात आग लागली. आत १७ अर्भके होती. सात वाचविता आली, दहा दगावली. त्याच वर्षी मार्चअखेर भांडुप येथे, म्हणजे घाटकोपरपासून लोहमार्गाने तिसऱ्या स्थानकाच्या अंतरावर, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर चालविल्या जाणाऱ्या कोविड रुग्णालयात खालून धूर शिरला व ११ रुग्ण मरण पावले. २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पहाटे आग लागून १३ रुग्ण त्याच दिवशी गेले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या शासकीय रुग्णालयात आणखी ११. दरम्यान २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीतून गळती झाली. तेथे ज्वाला नव्हती, धूर नव्हता, केवळ नळीतील दाब कमी झाला, आणि २२ रुग्ण प्राणवायूवाचून मरण पावले.

एकाच वर्षातील ही यादी केवळ साथीच्या ताणाने समजावून सांगता येत नाही. साथीने खाटा वाढविल्या, विजेचा भार वाढविला, प्राणवायूने भारलेली हवा खोल्यांत कोंडली, हे खरे. भंडाऱ्यातील अर्भके मात्र कोविडची नव्हती. मूळ कारण रुग्णालयाच्या इमारतीसंबंधीच्या समजुतीत शोधावयास हवे. कार्यालय किंवा नाट्यगृह यांना आग लागली असता नियम सोपा असतो : घंटा वाजवा, जिन्याने खाली उतरा, मैदानात जमा. रुग्णालयास हा नियम लावताच येत नाही. कृत्रिम श्वसनयंत्रावरील एक रुग्ण हलवावयाचा म्हटला तर एकाने हाताच्या फुग्याने श्वास देत राहावयाचे, दुसऱ्याने प्राणवायूची नळकांडी सांभाळावयाची, आणि निदान दोघांनी खाट ढकलावयाची. म्हणजे रुग्णागणिक चार माणसे. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागात हजर असतात किती, हे सांगावयास नको. उद्वाहन आगीच्या वेळी वापरता येत नाही आणि जिन्यावरून खाट उतरत नाही.

म्हणून राष्ट्रीय बांधकाम संहितेने रुग्णालयांसाठी निराळे तत्त्व स्वीकारले आहे. मजल्याचे अग्निरोधक भिंतींनी व आपोआप मिटणाऱ्या दारांनी विभाग पाडावयाचे आणि रुग्णाला खाली न नेता त्याच मजल्यावर, भिंतीपलीकडच्या विभागात आडवे सरकवावयाचे. तेथे त्याला काही काळ सुरक्षितता लाभते, मग उतारमार्गाने सावकाश खाली नेता येते. जुन्या रुग्णालयांतून, विशेषतः ब्रिटिशकालीन इमारतींतून, रुंद व्हरांडे आणि उताराचे मार्ग असत ते काही केवळ हवेसाठी नव्हते. नव्या बांधकामात व्हरांडा बंद करून वातानुकूलित कक्ष काढणे हा जो प्रघात पडला, त्याने ही आडवी वाट अनेक ठिकाणी बुजविली. कोलकात्याच्या एका खाजगी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी नव्वदच्या सुमारास माणसे मेली, ती प्रामुख्याने धुराने. तळघरातील ज्वालाग्राही साहित्यास लागलेल्या आगीचा धूर काचेने सर्व बाजूंनी बंद केलेल्या इमारतीत भरला, आणि काच फोडल्याशिवाय त्याला वाट नव्हती. शेजारच्या वस्तीतील माणसे मदतीस धावली असता प्रारंभी त्यांना फाटकावरून परत पाठविले गेले, असे त्या वेळच्या वृत्तांत नमूद आहे. आणि आत दोन तरुण परिचारिका एकामागून एक रुग्ण बाहेर काढीत असता स्वतः धुरात सापडून गेल्या. कोणत्याही योजनेत शेजाऱ्यांचा रकाना नसतो, हा सार्वत्रिक दोष म्हणावा लागेल.

घाटकोपरकडे परत यावयाचे ते या पार्श्वभूमीवर. दिनांक २५ जुलै २०१७. सकाळी पावणेअकराच्या सुमारास घाटकोपर पश्चिमेस, दामोदर पार्क परिसरातील ‘सिद्धिसाई’ ही चार मजली निवासी इमारत कोसळली आणि १७ माणसे मृत्यू पावली. मृतांत एक तीन महिन्यांचे मूलही होते. या इमारतीच्या तळमजल्यावर एक शुश्रूषागृह चालत असे आणि त्या वेळी तेथे फेरबदलाचे काम चालू होते. त्या कामात इमारतीच्या आधारस्तंभांना धक्का लावला गेला असा आरोप झाला व गुन्हाही नोंदला गेला. या घटनेची चर्चा सामान्यतः बेकायदा फेरबदलाचा प्रसंग म्हणून होते. परंतु रुग्णालयांच्या इतिहासात तिचे स्थान वेगळे आहे. मुंबईच्या उपनगरांतील खाजगी आरोग्यसेवेचा फार मोठा भाग राहत्या इमारतींच्या तळमजल्यांवर आणि पहिल्या मजल्यांवर वसलेला आहे. घरासाठी बांधलेल्या चौकटीत शल्यगृह बसवावयाचे, क्ष-किरण यंत्र ठेवावयाचे, खाट वळेल इतकी रुंदी काढावयाची, तर भिंत पाडणे जवळजवळ अपरिहार्य होऊन बसते. अशा शुश्रूषागृहाची सुरक्षितता वरच्या बिऱ्हाडांच्या हाती, आणि वरच्या बिऱ्हाडांची शुश्रूषागृहाच्या हाती, असा परस्परांचा बंध तयार होतो. तो कोणाच्याही आराखड्यात येत नाही, कारण रुग्णालयाची योजना रुग्णालयापुरती आणि गृहसंस्थेची गृहसंस्थेपुरती असते.

१७ डिसेंबर २०२२ ला याचीच दुसरी बाजू दिसली. घाटकोपर पूर्वेस पारेख रुग्णालयालगतच्या ‘विश्वास’ इमारतीत, जेथे एक उपाहारगृह होते, आग लागली. एक मनुष्य मृत्यू पावला, काही जण जखमी झाले. आग रुग्णालयातील नव्हती, पण धूर भिंत पाहत नाही. तेथील सुमारे २२ रुग्णांना तातडीने दुसरीकडे हलवावे लागले आणि ते हलविले गेले. या प्रसंगात रुग्ण बचावले म्हणून तो लवकर विस्मृत झाला. वस्तुतः अभ्यासकाने अशाच प्रसंगांची नोंद अधिक काळजीने ठेवावयास हवी. कोणत्या खाटेस प्रथम हलविले, कागदपत्रे रुग्णाबरोबर गेली की मागे राहिली, घेणाऱ्या रुग्णालयाने किती वेळात खाटा दिल्या, नातेवाइकांस कोणी कळविले, या प्रश्नांची उत्तरे चौकशी समितीच्या अहवालात मिळत नाहीत, कारण यशस्वी स्थलांतराची चौकशी कोणी करीत नाही. आपत्तीचे ज्ञान आपल्याकडे साचते ते केवळ मृतांच्या संख्येच्या प्रमाणात.

कायद्याचा इतिहास पाहिला तर साधन नव्हते असे म्हणता येत नाही. मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा आहे. त्याने शुश्रूषागृहाची व्याख्या केली तीत आजारी आणि जखमी यांच्याबरोबर दुर्बलता आलेल्या माणसांचाही समावेश होता, आणि त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा जेथे होते ती जागा नोंदणीस पात्र ठरविली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा असून तो डिसेंबर २००८ मध्ये अमलात आला. त्यान्वये इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावयाचे असते. आपत्ती व्यवस्थापनाचा केंद्रीय अधिनियम डिसेंबर २००५ मधला. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि साकीनाक्याजवळ दरड कोसळून सत्तरांहून अधिक लोक गेले होते. एवढे कायदे असूनही भंडारा घडले, याचे एक कारण असे, की नोंदणीचा अधिकारी आरोग्य खात्याचा, आगीचा अग्निशमन दलाचा, बांधकामाचा आणखी तिसऱ्या खात्याचा. प्रत्येकजण आपला कागद पाहतो. रात्रपाळीच्या परिचारिकेला अग्निशामक नळकांडे उघडता येते काय, हे कोणत्याच कागदावर नसते. सराव ही गोष्ट प्रमाणपत्रात मावत नाही.

वृद्धाश्रम, अपंगांची निवासगृहे आणि दीर्घकाळ शुश्रूषा देणारी घरे यांची स्थिती याहून नाजूक आहे. बांधकाम संहितेने या बाबतीत योग्य दृष्टी दाखविली. तिच्या वर्गीकरणात रुग्णालये आणि वृद्ध, दुर्बल वा अनाथ यांची निवासगृहे ही एकाच संस्थात्मक गटाचे दोन पोटविभाग आहेत, कारण दोन्हीकडे माणसे स्वतःहून बाहेर पडू शकत नाहीत. परंतु ही दृष्टी इतर कायद्यांत उतरली नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीचा २००७ चा अधिनियम प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा असे सांगतो. त्या अधिनियमाच्या शब्दांत आग, पूर किंवा स्थलांतर यांचा उल्लेख नाही. दर्जा ठरविण्याचे काम त्याने राज्य सरकारांवर सोपविले. उलट, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमाने आठव्या कलमात आपत्तीच्या वेळी दिव्यांगांना समान संरक्षण असल्याचे स्पष्ट म्हटले असून जिल्हा प्राधिकरणाने त्यांच्या तपशिलाची नोंद ठेवावी असे बंधन घातले आहे. वृद्धाश्रमातील अंथरुणास खिळलेली व्यक्ती या नोंदीत येते की नाही हे ती दिव्यांग म्हणून प्रमाणित झाली आहे की नाही यावर अवलंबून राहते. वार्धक्याला प्रमाणपत्र नसते.

अमेरिकेतील अनुभव येथे उपयोगी पडतो. ऑगस्ट २००५ च्या कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सजवळच्या सेंट रीटा या शुश्रूषागृहात ३५ वृद्ध पाण्यात बुडून मेले. त्यांना वेळेवर हलविलेले नव्हते. त्यानंतर ११ वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, तेथील केंद्र सरकारने असा नियम केला, की सरकारी विम्याचा पैसा घेणाऱ्या १७ प्रकारच्या आरोग्यसंस्थांनी, रुग्णालयांबरोबर वृद्धांच्या शुश्रूषागृहांनीही, लेखी संकटयोजना, संपर्कयोजना, प्रशिक्षण आणि सराव ही अंगे पुरी केली पाहिजेत. आणि तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये, नियमाचे पालन सक्तीचे होण्यास दोन महिने उरले असता, फ्लोरिडात वादळाने वातानुकूलन बंद पडलेल्या एका शुश्रूषागृहात १२ वृद्ध उष्म्याने दगावले. रस्त्याच्या पलीकडे एक मोठे रुग्णालय चालू होते. दारात वाहन होते, रस्ता मोकळा होता, वीज पलीकडे होती. हलविण्याचा निर्णय घेणारा मनुष्य तेवढा नव्हता.

त्या नियमातील एक तरतूद येथील परिस्थितीस विशेष लागू पडण्याजोगी आहे. शुश्रूषागृहाने आपली संकटयोजना निवाशांना व त्यांच्या कुटुंबीयांना कळविली पाहिजे, असे ती सांगते. घाटकोपरसारख्या वस्तीत मुलगा डोंबिवलीस, मुलगी परदेशी आणि आई तिसऱ्या मजल्यावरील एका भाड्याच्या सदनिकेत चालणाऱ्या वृद्धगृहात, अशी स्थिती असू शकते. अशा घरास १९४९ च्या अधिनियमाखाली शुश्रूषागृह मानावयाचे की निव्वळ निवास मानावयाचे, हे तेथे शुश्रूषा होते की नाही यावर ठरते. दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचणारी, कूस बदलणारी, नळीने अन्न भरविणारी जी बाई तेथे रात्री एकटी असते, तिच्या कामास दुसरे कोणते नाव देता येईल, याचा निर्णय नोंदणी अधिकाऱ्याने करावयाचा आहे. दाराला आतून लावलेल्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे मात्र तिलाच विचारावे लागेल.